पोरगं तापलंय? आधी ऑफिसचं कॅलेंडर बघा

सकाळचे सव्वासहा, पोरगं उठत नाहीये, कपाळाला हात लावला तर तवा. अशा वेळी थर्मामीटर शोधायची अजिबात घाई करू नका, आधी ऑफिसचं कॅलेंडर उघडा. साडेदहाला क्लायंट कॉल असेल तर तो ताप नाहीच मुळी, उन्हात खेळतो ना, अंगात जरा उष्णता आहे. कॉल नसेल आणि नवऱ्याची सीएल शिल्लक असेल तर मात्र ताप, चांगला सणसणीत.

मोजायचंच असेल तर थर्मामीटर काखेत लावा, तिथे आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो आणि बीप व्हायच्या आत काढला तर अजून कमी येतो. 100.4 च्या पुढे ताप म्हणतात ना, मग 100.2 म्हणजे ठणठणीत! लगेच पॅरासिटामॉलचं सिरप पाजा, ते चार ते सहा तास चालतं, म्हणजे साधारण अकरापर्यंत पोरगं हसतंखेळतं आणि नंतरचं बाई बघतील, फिया कशाला भरतो आपण? औषध न देता 24 तास ताप नसेल तरच पाठवा असं शाळेच्या डायरीत लिहिलंय म्हणे, त्याच पानावर खाली माझी सही आहे, असो.

डोळे आले असतील तर गॉगल द्या. 2023 च्या जुलैत आळंदी-पुण्याकडे डोळ्यांची केवढी साथ आली होती, तेव्हा कोणी मेलं का? कांजिण्यांचं तर त्याहून सोप्पंय. त्या पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात, म्हणजे वाटायच्या त्या वाटून झाल्यात, मग आता घरी बसवून खपल्या धरायची वाट बघण्यात काय पॉइंट? शिवाय दुसऱ्याच्या पोराला त्या 10 ते 21 दिवसांनी उठतात, तोपर्यंत कोणाला आठवतंय बाकावर शेजारी कोण बसलं होतं. ग्रुपवर पुरळाचा फोटो पडला की पहिलं 'टेक केअर डिअर' मात्र आपलं गेलं पाहिजे.

आणि 100 टक्के हजेरीचं सर्टिफिकेट विसरू नका हं. आमचं लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलंय, त्या वर्षी चिरंजीव व्हॅनमध्ये तीनदा ओकले, व्हॅनवाले काका तेव्हापासून आरशाला कॅरीबॅग अडकवूनच येतात, भला माणूस.

पोट दुखतंय असं फक्त युनिट टेस्टच्या दिवशीच म्हणाला तर ओवा चारा आणि पाठवा, ते खरंच व्हॅन गेली की थांबतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन येईल, "कणकण आहे हो त्याला, न्यायला या." तेव्हा "अगं बाई! सकाळी तर एकदम मस्त होता!" हे वाक्य आरशासमोर आठ-दहा वेळा म्हणून ठेवा, 'अगं बाई' वर जोर. पोरालाही पढवून ठेवा, मी नेमकी तिथेच चुकले. माझं वाक्य एकदम झकास झालं आणि मागून कार्ट्याचा आवाज, "टीचर, आईने सकाळीच ते गुलाबी औषध दिलं, दोन चमचे, मला आवडतं ते." फोन स्पीकरवर होता.