टिंब निसटलं आणि शेरा चिकटला

‘बोली चुकली तर विक्रेत्याला कळवा, तो समजून घेतो’ हे ऑनलाइन लिलावावरच्या एका लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. जुन्या लेन्सवर 45.50 टाकताना माझं टिंब निसटलं, गेले 4550. आपोआप वाढणाऱ्या बोलीत, म्हणजे साइटच आपल्या वतीने बोली चढवते तिथे, आपला कमाल आकडा झाकलेला असतो, दुसऱ्या बोलीदाराच्या एक पायरी वर ती थांबते. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला एक हट्टी भिडू येऊन बोली चढवेपर्यंत मला पत्ताच नव्हता.

विक्रेत्याला लगेच कळवलं, माफी मागितली. उत्तर काय, तर माझ्या नावापुढे लाल शेरा: ‘टाइमपास गिऱ्हाईक’. ईबे या लिलावाच्या साइटने 2008 साली विक्रेत्यांचा गिऱ्हाइकांना नकारात्मक शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला, मी होतो त्या साइटवर तो शाबूत होता. मग काय, पुन्हा असा शेरा नको म्हणून पुढे फुटका माल आला तरी मी निमूट ‘उत्तम व्यवहार’ लिहीत गेलो.