खुलासा : भोकं जुळली म्हणजे गिअरबॉक्स जुळला, असं नाही

सांगली-साताऱ्याच्या पिकअपवाल्यांत एक मेसेज फिरतोय : 'इंजिन बदललंय? बेल हाउसिंगची भोकं जुळणारा कुठलाही जुना गिअरबॉक्स बसवा, चालतो.' (बेल हाउसिंग म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जोडणारं कवच.) हा सल्ला अर्धवट आहे आणि खर्चात पाडणारा आहे.

भोकं ही पहिली पायरी. त्यानंतर इनपुट शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्समधून इंजिनकडे येणाऱ्या दांड्याचे, दाते मोजा. क्लच प्लेटचा मधला हब गिअरबॉक्सच्या दात्यांना बसला पाहिजे, प्लेटचा व्यास मात्र फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटप्रमाणे. शाफ्टचं टोक इंजिनच्या क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये (टोकाला आधार देणाऱ्या छोट्या बेअरिंगमध्ये) नीट जातं का, तेही पाहा. आखूड पडलं तर शाफ्ट डुलतो, बेअरिंग जातं, गिअर आवाज करतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बोल्ट आवळून गिअरबॉक्स आत ओढल्यानं. तो हातानं ढकलून पूर्ण टेकलाच पाहिजे. फट राहिली तर काढून कारण शोधा, नाहीतर हाउसिंगचा अॅल्युमिनियमचा कान (बोल्टची जागा) तडकतो. भोकं जुळवायला मध्ये अॅडॉप्टर प्लेट असेल तर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावा. क्रँकभोवती एका फेऱ्यात काटा ०.२५ मिमीपेक्षा जास्त हलला तर सेंटर चुकलंय.

इंजिनचा टॉर्क गिअरबॉक्सच्या क्षमतेत हवा. ऊस किंवा द्राक्षं भरून खंबाटकी चढायची असेल तर पाचव्या गिअरपेक्षा पहिल्याचं गुणोत्तर आधी बघा. प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी शेवटी, गाडी चाकांवर उभी करून मोजा.

इंजिनबदलाला मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ लागू होतं. आरटीओकडे नोंद करायची राहू देऊ नका.