गुडघा कुणाचा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये बीसीसीआयने श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांना वार्षिक करारातून वगळलं, तेव्हा आमच्या नागपूरच्या घरच्या ग्रुपवर मामांनी लिहिलं, ‘बरं झालं. रणजी खेळाले लाज वाटते यायले.’ पुढच्याच महिन्यात अय्यर रणजीच्या अंतिम सामन्यात उतरला आणि नेमक्या आमच्या विदर्भाविरुद्ध ९५ धावा करून गेला. ग्रुपवर दोन दिवस सामसूम.

मी राहतो साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात. इथे शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल सामना बघायला पाऊण लाखाहून जास्त माणसं जमतात. (फुटबॉल म्हणजे इथला, एकमेकांच्या अंगावर कोसळायचा.) स्टेडियमबाहेर सकाळपासून डिक्या उघडून खाणंपिणं चालतं. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात, अगदी आपल्यासारख्या. आणि वादही आपल्यासारखाच: व्यावसायिक संघाचे दरवाजे उघडणार असतील, तर मोठ्या खेळाडूने त्याआधी कॉलेजचे सामने सोडून द्यावेत का?

या गावात हा विषय निघाला की मार्कस लॅटिमोर आठवतो. २७ ऑक्टोबर २०१२, टेनेसीविरुद्धचा सामना. इथल्याच मैदानावर त्याचा उजवा गुडघा निखळला. डावा आदल्या वर्षीच गेला होता. दोन्ही संघांची पोरं त्याच्याभोवती येऊन उभी राहिली. दोन दिवसांनी तो एकवीस वर्षांचा होणार होता. एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत चौथ्या फेरीत त्याचं नाव आलं खरं, पण तिथे एकही सामना न खेळता २०१४ मध्ये तो निवृत्त झाला.

म्हणूनच २०१३ मध्ये त्याच्या संघातल्या जेडेव्हियन क्लाउनीला लोक सांगत होते, बाबा रे, यंदा घरी बस. शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल कुणाला घेत नाही. त्याचं एक वर्ष उरलं होतं. तो खेळला. बरगड्या दुखतात म्हणून एक सामना सोडला, तर तेवढ्यावरूनही कुजबुज झाली. पुढे तो पहिल्या क्रमांकाने निवडला गेला आणि ‘खेळ’ म्हणणारे सगळे शहाणे ठरले.

मामांचं आणि इथल्यांचं म्हणणं एकच: संघाने घडवलं, संघासाठी खेळ. पण अय्यरला बोर्ड पैसे देत होतं. लॅटिमोरला मिळत होती फी, राहणं, जेवण. तिकिटं, टीव्हीचे हक्क, प्रशिक्षकाचा लाखो डॉलरचा पगार, हा सगळा डोलारा त्या पोरांच्या गुडघ्यांवर, आणि निष्ठा मागायची तीही त्यांच्याचकडे. क्लाउनीने पूर्ण मोसम सोडला असता तरी मी नावं ठेवली नसती.

आता मात्र २०२१ पासून खेळाडू जाहिरातींतून कमावू शकतात आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली आहेत. पैसे घेऊन ऐन मोसमात, ऑक्टोबरात, अंग काढून घेणारा मला पटत नाही. इथे माझं मामांशी जुळतं. मोसमाअखेरच्या बोल सामन्यांचं तसं नाही. प्लेऑफ म्हणजे जेतेपदाची बाद फेरी; तिच्याबाहेरच्या बोलवर कुठलंही राष्ट्रीय जेतेपद ठरत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये एनएफएलच्या उंबरठ्यावरच्या लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या कॉलेज खेळाडूंनी ते सोडले, तर केवढा गहजब! त्याच डिसेंबरात मिशिगनचा जेक बट ऑरेंज बोल खेळला, गुडघ्याचा लिगामेंट फाडून घेतला आणि निवडीत पाचव्या फेरीपर्यंत घसरला. त्याची भरपाई टाळ्या वाजवणाऱ्यांनी केली नाही.

परवा हे सगळं मामांना फोनवर ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काऊन रे, तुझं पोट्टं खेळते का हा फुटबॉल?’

नाही म्हटलं. त्याला आम्ही टेनिसला घातलंय.