ओव्यात पॅरा-सायमीन सापडलं म्हणजे भेसळ नव्हे

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज चौथ्यांदा आला. ‘ओव्यात पॅरा-सायमीन हे पेट्रोलियमचं केमिकल सापडलं. चोळल्यावर रॉकेलसारखा वास आला की समजा भेसळ. त्यात बेंझीन असतं, कॅन्सर होतो. बाळांना देऊ नका.’ तो वाचून मालवणच्या आत्याने ओव्याची भरलेली बरणी परसात ओतली. “माका नको तो ओवो,” एवढंच म्हणाली. सर्दी झाली की तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून आम्हाला शेक देणारी बाई ती. मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहितेय.

‘पेट्रोलियमचं केमिकल.’ मुळात सायमीन हे नावच जिऱ्यावरून पडलंय. जिऱ्याचं शास्त्रीय नाव क्युमिनम सायमिनम. हा पदार्थ जिऱ्यात, ओव्यात आणि पावसाळ्यात आपण ज्या पानांची भजी तळतो त्या पानओव्यातही असतो. रेणूत १० कार्बन, १४ हायड्रोजन. रांगोळीत षट्कोन काढा, प्रत्येक कोपऱ्यावर एक कार्बन. एका कोपऱ्यावर मिथिल गट (एका कार्बनचा) आणि बरोबर समोरच्या कोपऱ्यावर आयसोप्रोपिल गट (तीन कार्बनचा) ठेवला की झालं पॅरा-सायमीन. तेच दोन गट शेजारी-शेजारी आले तर ऑर्थो, मध्ये एक कोपरा सोडून आले तर मेटा. अणू तेवढेच, जागा वेगळ्या. वनस्पतींत सापडतं ते मुख्यतः पॅराच. कारखान्यात टोल्युईन आणि प्रोपिलीनपासून सायमीन बनवतात तेव्हा ही भावंडं मिसळून निघतात. मग नुसतं ‘पॅरा सापडलं’ हा भेसळीचा पुरावा कसा होईल?

वासाबद्दल मात्र मेसेज लिहिणाऱ्याच्या नाकाला दोष देणार नाही. ओवा तळहातावर चोळला की आधी थायमॉलचा, म्हणजे ओव्याला त्याचा खास वास देणाऱ्या पदार्थाचा, झणका येतो, आणि त्याच्यामागून एक तेलकट, रॉकेलची आठवण करून देणारा वास येतो. रॉकेल हे हायड्रोकार्बनचं, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या पदार्थांचं मिश्रण, पॅरा-सायमीनही हायड्रोकार्बनच. आणखी एक गोष्ट आहे. ओव्याच्या तेलात गॅमा-टर्पिनीन नावाचा पदार्थ भरपूर असतो. त्याचे १० कार्बन, १६ हायड्रोजन. हवा आणि ऊब लागली की त्यातले दोन हायड्रोजन निघून जातात आणि उरतं ते पॅरा-सायमीन! म्हणजे बाटली अर्धवट बंद राहिली, महिने गेले, की कुणी काही न मिसळताही तेलात ते वाढतं. तपासणीत प्रमाण जास्त आलं तर आधी तेल किती जुनं आहे ते विचारावं.

‘त्यात बेंझीन असतं.’ बेंझीनचं कडं, म्हणजे वरचा तो सहा कार्बनचा षट्कोन, असतं; सुटं बेंझीन नसतं. ते कडं थायमॉलमध्ये आहे, लवंगेतल्या युजेनॉलमध्ये आहे, ताटातल्या बांगड्याच्या प्रथिनांतल्या फिनाइलॲलानिनमध्येही आहे. बेंझीनने कॅन्सर होतो हे खरंच आहे. पण सुट्ट्या बेंझीनवर शरीर थेट त्या कड्यावरच प्रक्रिया करतं, आणि त्यातून घातक पदार्थ तयार होतात. पॅरा-सायमीनला बाजूचे गट आहेत. शरीर मुख्यतः त्यांच्यावर काम करतं आणि झालेला पदार्थ लघवीवाटे बाहेर टाकतं.

‘बाळांना देऊ नका’ या वाक्यातला अर्धा भाग मी मान्य करते. ओव्याचं काढलेलं तेल तान्ह्या मुलाच्या तोंडात किंवा नाकात घालू नये. असं पातळ तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला इजा होते, आणि ते पेटतंही लवकर. चिमूटभर दाणे आणि बाटलीतलं तेल यांत फार अंतर आहे.

भेसळीचीच धास्ती असेल तर काड्या, माती आणि तेल काढून घेतलेले पोचट दाणे बघा. आत्याला नवीन ओवा आणून दिला आणि चार दाणे दाताखाली धरायला सांगितले. जीभ चुरचुरली, मग जराशी बधिर झाली. तिने बरणी धुऊन उन्हात ठेवली.