तातडीचे नाही

काल, 5 ऑक्टोबर 2020 रोजी, मी हिपॅटायटीस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार झालेल्या आईला घेऊन तिसऱ्यांदा शहरातील त्या सरकारी रुग्णालयात गेले आणि तिसऱ्यांदा चाचणी न होताच तिला परत आणले. 7 सप्टेंबरला सांगण्यात आले की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, मोजण्याचे यंत्र कोविडच्या कामाला लावले आहे. 21 सप्टेंबरला यंत्र होते, पण किट संपले होते. काल आम्हाला खिडकीपर्यंतही जाऊ दिले नाही. फाटकावरच्या रक्षकाने लांबूनच विचारले, "कोविड आहे का?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग पुढच्या महिन्यात या मावशी, पोटाची ओपीडी बंद आहे." मी अर्धा तास भांडले तेव्हा कुठे आतून एक कर्मचारी आला. त्याने केसपेपर हातात घेतला, पहिल्याच पानावर निळ्या पेनाने "तातडीचे नाही" असे लिहिले, खाली सही केली आणि तो परत दिला. पुढची तारीख दिली नाही. कुणाला भेटायचे तेही सांगितले नाही. त्याने एक पान उलटले असते तर तिथल्याच डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलेले "सिरॉसिस", म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत जाणे, त्याला दिसले असते. एक पान! माण तालुक्यातील आमच्या गावाहून पहाटे पाचच्या एसटीने सव्वाशे किलोमीटर आलेल्या, सकाळपासून चहाखेरीज पोटात काही नसलेल्या साठीच्या बाईसाठी त्याला एक पान उलटावेसे वाटले नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बातम्यांत सांगत होते की यंदाचे वैद्यकशास्त्राचे नोबेल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना, हिपॅटायटीस सी विषाणूच्या शोधासाठी जाहीर झाले आहे. आईने विचारले, "म्हणजे माझाच ना गं हा आजार?" मला उत्तर देता आले नाही. तो विषाणू 1989 साली ओळखला गेला. 1993 साली, माझ्या धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी, आईला दोन बाटल्या रक्त चढवले. दात्याच्या रक्तात हा विषाणू आहे का, ही चाचणी आपल्याकडे सक्तीची व्हायला 2001 साल उजाडले. डॉक्टरांच्या मते त्या दोन बाटल्यांतूनच विषाणू तिच्या अंगात गेला, आणि सव्वीस वर्षे काहीही लक्षण न दाखवता तो यकृत पोखरत राहिला. तिने कधी दारूला स्पर्श केला नाही, तरीही "यकृताचा आजार" म्हटले की नातेवाइकांच्या नजरा बदलतात. ज्या व्यवस्थेने तिला हा आजार दिला, तिनेच काल तिला फाटकावरून परत पाठवले. हे मी विसरणार नाही.

उपचार तसा सोपा आहे आणि म्हणूनच माझा संताप अधिक होतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर या दोन विषाणूरोधक औषधांची एकत्र गोळी रोज एक, असे चौऱ्याऐंशी दिवस, आणि शंभरातील नव्वदहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. आईने 26 फेब्रुवारीला पहिली गोळी घेतली. अठ्ठावीस गोळ्यांची पहिली बाटली 24 मार्चला संपली आणि त्याच रात्री देश बंद झाला. दुसरी बाटली शहरातील रुग्णालयात होती आणि आम्ही गावात. रुग्णालयाला फोन लावला की आधी ती खोकल्याने सुरू होणारी कोरोनाची ध्वनिफीत पूर्ण ऐकावी लागे, मग घंटा वाजत राही आणि कुणीही फोन उचलत नसे. दिवसाला वीस-वीस वेळा मी तो खोकला ऐकला आहे, आजही तो कानी पडला की माझे डोके भणभणते. प्रवासाच्या पाससाठी पोलिस ठाण्यात गेले, तर "कावीळ आहे ना, मग गावातच औषध घ्या" हा सल्ला मिळाला. काविळीची माळ घालणाऱ्या आणि नाकात देवडांगरीचा रस सोडणाऱ्या लोकांवर माझा जुना राग आहे. त्यांच्या नादी लागून आमच्या मामांनी आपले शेवटचे दोन महिने वाया घालवले. पण निदान पोलिसांनी तरी ती शिफारस करू नये! शेवटी भावाने मोटरसायकलवरून जाऊन उरलेल्या दोन्ही बाटल्या आणल्या. तोवर एकोणीस दिवसांचा खंड पडला होता.

त्या एकोणीस दिवसांमुळेच ही चाचणी आम्हाला हवी आहे. शेवटची गोळी 7 जूनला घेतली. त्यानंतर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, तरच रुग्ण बरा झाला असे मानतात. ते बारा आठवडे 30 ऑगस्टलाच पूर्ण झाले. खंड पडूनही औषध लागू पडले का, की विषाणू पुन्हा वाढतो आहे, हे त्या एका नमुन्यावरून कळणार आहे. शिवाय सिरॉसिस झालेल्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण विषाणू गेला तरी यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतो. तिची शेवटची सोनोग्राफी फेब्रुवारीतील आहे. खाजगी प्रयोगशाळेत नुसत्या व्हायरल लोडचे साडेचार हजार रुपये सांगितले. यंदा माझ्या भावाचे काम सुटले आहे. आणि मोफत कार्यक्रमाचा फलक ज्या रुग्णालयाच्या भिंतीवर लावला आहे, तिथून उठून आम्ही पैसे मोजायला का जावे?

आतल्या डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही. मे महिन्यात त्यांतील एका तरुण डॉक्टरबाईंनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन करून आईला गोळ्यांबद्दल विचारले होते, आणि त्या तेव्हा कोविड वॉर्डातच होत्या. माझा राग ज्यांनी मार्चमध्ये सगळी यंत्रे, सगळ्या खाटा आणि सगळे कर्मचारी एकाच आजाराकडे वळवले आणि ऑक्टोबर उजाडला तरी बाकीच्यांचे काय झाले हे विचारले नाही, त्यांच्यावर आहे. गोव्यात बनणारे ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी तालुक्यापर्यंत पोचले होते, तेही कोरोनाकडे गेले. वस्तीवरच्या एका मुलाला हिपॅटायटीस बी, म्हणजे दुसऱ्या विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार, आहे; तो विषाणू दाबून ठेवणारी त्याची टेनोफोव्हिरची गोळी एप्रिलमध्ये दोन आठवडे सुटली. ही गोळी अचानक थांबली तर आजार उसळू शकतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. कोविडसाठी आता स्टेरॉइड देतात, त्यानेही दबलेला हिपॅटायटीस बी जागा होऊ शकतो. म्हणजे कोविड वॉर्डातही हिपॅटायटीसच्या चाचणीची गरज आहे. देशात चार कोटी लोकांना हा बी विषाणू असल्याचा अंदाज खुद्द सरकारच सांगते. या चार कोटींनी साथ संपेपर्यंत कुठे थांबायचे?

आठवड्यातून एक दिवस, निदान एक सकाळ, ते यंत्र या नमुन्यांसाठी ठेवता येणार नाही, हे मला कुणीतरी समोर बसवून पटवून द्यावे. रक्त गावाजवळच्या उपजिल्हा रुग्णालयात घ्या, थंड पेटीतून नमुना पाठवा, अहवाल फोनवर कळवा. रुग्णाला सव्वाशे किलोमीटर आणायचेच कशाला?

आईने तो केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत परत नीट घडी करून ठेवला आहे. रात्री जेवताना ती म्हणाली, "आपण पुन्हा नको जाऊ या, तुझी रजा वाया जाते." मी सोमवारची, 12 तारखेची, रजा टाकली आहे. या वेळी ते लाल शाईचे पान मी सगळ्यात वर लावून नेणार आहे.