टाळ्या आणि हसू यांत फरक आहे

ट्रम्प आल्यापासून अमेरिकेतले रात्रीचे राजकीय विनोदाचे कार्यक्रम हसवेनासे झाले, हे एका लेखात वाचलेलं लेखकाचं म्हणणं मला निम्मंच पटलं. खरी परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. कोरोनामुळे प्रेक्षक घरी गेले आणि अशाच एका कार्यक्रमाचा सूत्रसंचालक जॉन ऑलिव्हर एका कोऱ्या पांढऱ्या पडद्यापुढे बसून एकटाच बोलायला लागला. समोर हशा नाही, टाळ्या नाहीत. तेव्हा कळलं की त्याचे निम्मे विनोद म्हणजे ‘अमुक म्हणजे जणू तमुक’ छापाच्या उपमाच आहेत! पण माहिती पक्की असायची, म्हणून मी शेवटपर्यंत बघायचो. (बायको दहा मिनिटांत झोपायची.)

स्टीफन कोलबर्ट या दुसऱ्या विनोदवीराचं उलट. २००६ साली व्हाइट हाउसच्या पत्रकारांच्या मेजवानीत तेव्हाचे अध्यक्ष बुश दोन हातांच्या अंतरावर बसलेले असताना तो त्यांचा कट्टर भक्त असल्याचं सोंग घेऊन बोलला. सभागृह बरंचसं गप्प होतं. मी मात्र आजही ते बघून पोट धरून हसतो. तिथे सोंग होतं, धोका होता. नंतर ‘लेट शो’ या रात्रीच्या कार्यक्रमात सोंग उतरवून तो स्वतःची खरी मतं मांडू लागला आणि लोक हसायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले. मतं मला पटायची, पण हसू? क्वचितच.