बांद्र्याच्या जत्रेला गाडी घेऊन जायचं आणि मग जत्रेलाच नावं ठेवायची

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी बांद्र्याच्या जत्रेचा निकाल लावून टाकला. "गर्दी, चिखल, लूट. बघण्यासारखं काही नाही." खाली लगेच अंगठ्यांची रांग. आता गृहस्थ गेले कधी? काल. म्हणजे जत्रेच्या पहिल्याच रविवारी, संध्याकाळी सहाला, गाडी घेऊन, वर दोन लहान मुलं. जे जे करू नये ते सगळं एका दमात केलं आणि खापर मोतमाउलीवर, म्हणजे टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चमधल्या मेरीवर!

अहो, जत्रेचा हिशेब किती सोपा आहे. ८ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिवस. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना. आठ तारखेनंतर येणाऱ्या रविवारी जत्रा सुरू होते, पुढच्या रविवारी उठते. आठ तारखेलाच रविवार आला तर त्याच दिवशी सुरू. म्हणजे आठ दिवसांत दोन रविवार, आणि सगळी मुंबई नेमकी त्या दोन दिवशी टेकडी चढायला निघते. मधल्या वारी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान जा, निवांत दर्शन होतं. दादरकडून बसने येणार असाल तर बुधवार तेवढा टाळा. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेनाची गर्दी असते, तिथेच अडकाल.

गाडीचं तर नावच काढू नका. जत्रेच्या आठवड्यात टेकडीकडचे रस्ते पोलीस बाहेरच्या गाड्यांना बंद करतात, दरवर्षी करतात. वांद्रे स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, बेस्ट जत्रेसाठी जादा बस सोडते, ती पकडायची आणि शेवटचा चढ पायी. पायांत पट्ट्याची चप्पल किंवा बूट हवा, कारण सप्टेंबरचा पाऊस आणि सांडलेलं मेण एकत्र आलं की तो उतार भलताच निसरडा होतो. छत्री नको. गर्दीत छत्रीची काडी पुढच्याच्या डोळ्यात जाते आणि तुमचं दर्शन भांडणात होतं. साधा रेनकोट बरा. आणि रोख पैसे ठेवा, दहा-वीसच्या नोटा. गर्दीत नेटवर्क बसतं, क्यूआर कोडसमोर फोन धरून चक्र फिरताना बघत उभं राहावं लागतं. मागचे लोक शिव्या घालतात ते वेगळंच.

मुलांना जरूर न्या, पण सकाळी. खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. आकाशपाळण्याचं आमिष आधी दाखवू नका, नाहीतर वर चढेपर्यंत तेवढंच ऐकावं लागेल.

आता 'लूट'. चढावर दोन्ही बाजूंना मोतमाउलीला वाहायच्या मेणाच्या वस्तू विकायला असतात. हात, पाय, डोकं, बाळ, घर. अलीकडे विमानही, परदेशी जायचं असणाऱ्यांसाठी. ज्याचा पाय दुखतो तो पाय घेतो, ज्याला घर हवं तो घर. साधी मेणबत्ती स्वस्त, आकार महाग, आणि वर जावं तसा भाव चढतो. पहिल्या दुकानात घ्यायचं नाही, चार ठिकाणी विचारायचं, मग घ्यायचं, एवढी अक्कल आपण भाजी घेताना वापरतोच ना? आणि एक, मेणाचा हात पिशवीत खाली टाकू नका. उकाड्याने मऊ होतो, वरून पाण्याची बाटली पडली की बोटं तुटतात. वर्तमानपत्रात गुंडाळून हातातच धरायचा. फुलांचा हार घ्यायचा असेल तर तोही घ्या. झेंडू आपला तिथेही चालतो.

बॅसिलिकात, म्हणजे मोतमाउलीच्या चर्चमध्ये, दर्शन झालं की बहुतेक लोक मागे फिरतात. फिरू नका. रस्त्यापलीकडे पायऱ्यांवर फातिमा मातेचं, म्हणजे मेरीच्याच एका रूपाचं, स्थान आहे, तिथे जा. वारा असला की मेणबत्ती विझते म्हणून लोक एकमेकांच्या ज्योतीवर आपली पेटवून घेतात. काष्टी नेसलेली कोळीण, तिच्या मेणबत्तीवर आपली धरणारा कॉलेजचा पोरगा, त्याच्यावर कुणी बुरख्यातली बाई. कुणी कुणाला नाव विचारत नाही. परतताना आल्या वाटेने न येता पायऱ्यांनी बँडस्टँडकडे उतरा, समोर समुद्र येतो आणि निम्मी गर्दी मागे राहते. त्याआधी टोपलीतून कडियो-बोडियो हा गोड खाऊ आणि पेरूची वडी घ्या. कडियो-बोडियो कडक असतात, दात जपून.

आता खरा राग कशाचा ते सांगते. ग्रुपवर त्याच गृहस्थांच्या खाली कुणीतरी लिहिलं, "आपल्या लोकांचं तिथे काम काय?" आपल्या लोकांचं! मूर्ती कोळ्यांच्या जाळ्यात सापडली ही कथा कोळीवाड्यांतच सांगितली जाते. जत्रेच्या आठवड्यात मराठीतून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते. आजची १९०४ सालची इमारत शापूरजी चांदाभॉय या पारशी वास्तुकाराने बांधली. वांद्रे आणि माहीम जोडणारा कॉजवे १८४५ साली खुला झाला, त्याला पैसा दिला लेडी आवाबाई जमशेदजी जीजीभॉय यांनी. त्या रस्त्याच्या एका टोकाला मोतमाउली, दुसऱ्या टोकाला मखदूम अली माहीमी या सूफी संतांचा दर्गा. हे शहर कुणी समिती नेमून असं केलेलं नाही. तुम्ही कोण काम विचारणारे?

असो. चहा घेऊन आले, जरा शांत होते.

मान्य आहे, कचरा होतो. भोंग्यांचा त्रास होतो. टेकडीवर राहणाऱ्यांना आठ दिवस स्वतःच्या घरी जायला पोलिसांशी हुज्जत घालावी लागते, तेही खरं. पण मग गणपतीत लालबागच्या लोकांना काय होतं?

माहीमच्या त्या दर्ग्याची जत्रा डिसेंबरात लागते, दहा दिवस. तारीख दरवर्षी सरकते, म्हणून आधी बघून घ्या. पहिल्या दिवशी पहिला मान मुंबई पोलिसांचा: माहीम पोलीस ठाण्यातून संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, निघतो, पोलिसांचा बँड वाजतो, अधिकारी चादर घेऊन चालतात. तो बघायचा असेल तर दर्ग्याच्या दारात गर्दी करण्यापेक्षा पोलीस ठाण्याजवळ थांबा. आत जाताना डोकं झाकायला रुमाल, चपला टोकन घेऊन ठेवायच्या, बाकी फलकावर लिहिलंय ते पाळायचं. कबरीपाशी कुणी रडत असतं, कुणी डोळे मिटून पुटपुटत असतं. त्यांच्या तोंडावर मोबाईल धरून रील काढणाऱ्यांना, खरं सांगते, दोन लावून द्याव्याशा वाटतात. देवळात आपल्या आजीच्या तोंडावर कुणी असा कॅमेरा धरला तर?

बाहेर हलवा-पराठा. तो प्रचंड पराठा अखंड कढईत सोडतात, उलटतात, मग तोडून वजनावर देतात, सोबत रव्याचा केशरी हलवा. माणशी एक मागू नका, पावशेरात दोघांचं भागतं. गरम असतानाच खायचा. घरी नेला की चामट होतो आणि मग "काही खास नाही" अशी पोस्ट पडते.

रमजानात मोहम्मद अली रोडला जाणाऱ्यांचंही हेच. इफ्तारच्या ठोक्याला जाऊन टेबल अडवू नका, दिवसभराचा उपाशी माणूस आधी खाऊ दे. तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची नमाज, झाल्यावर, दहाच्या सुमारास, मिनारा मशिदीच्या गल्लीत शिरा. मालपुव्यात अंडं असतं, शाकाहाऱ्यांनी विचारून घ्या. एक मालपुवा तिघांना पुरतो. मातीच्या वाटीतली फिरनी शेवटी. मशीद बंदर किंवा सँडहर्स्ट रोडहून परतायचं, शेवटची लोकल किती वाजता आहे ते आधी बघून.

आणि शिवाजी पार्कात बंगालींच्या दुर्गापूजेला फक्त मूर्ती बघून यायचं असेल तर रात्री जा. पण त्यापेक्षा अष्टमी-नवमीची संधिपूजा गाठा. अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४, एवढाच तो वेळ, आणि तो पंचांगाप्रमाणे पहाटेही येतो, भरदुपारीही. १०८ दिवे लागतात, ढाक वाजतो. भोगाची खिचडी दुपारी, रांग लवकर लागते. पानात टाकायचं नाही.

ग्रुपवर हे सगळं टाकणार नाही, तिथे अंगठेच येतील. इथल्यांपैकी कुणाला जायचं असेल तर जत्रा येत्या रविवारपर्यंत आहे. गुरुवारी सकाळी जा. साडेसातच्या आत स्टेशन सोडा.